आपली मुले खेळाची गिऱ्हाइकेच राहणार काय?

मुलगा नववी-दहावीत गेला की आपल्याकडे घराघरांत एकच चर्चा सुरू होते : याला आता कोणत्या लायनीत टाकायचे? वडिलांचे गॅरेज असेल तर गॅरेज, वेल्डिंगचे दुकान असेल तर वेल्डिंग, गाद्या भरण्याचा धंदा असेल तर पिंजण. मुलगी असेल तर शिवणकाम, आणि मग स्थळ बघणे. याच घरांत दुसरी एक तक्रारही रोज ऐकू येते. पोरगा रात्री बारापर्यंत मोबाइलवर गेम खेळतो, डोळे खराब करतो, सकाळी उठत नाही.

या दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत असे आपण समजतो. आमच्या मते त्या एकच आहेत. ज्या खेळावर तुमचा मुलगा रोज दोन तास घालवतो, तो खेळ कोणीतरी बसून बनवलेला आहे. त्यासाठी कोणी चित्रे काढली, कोणी नियम ठरवले, कोणी संगणकाला समजेल अशा भाषेत ते लिहिले. त्या मालाचे पैसे त्यांना मिळतात, कधी विक्रीतून, कधी जाहिरातीतून. आपला मुलगा या बाजारात आहेच, पण गिऱ्हाईक म्हणून. माल दुसऱ्याचा, नफा दुसऱ्याचा आणि वेळ आपल्या पोराचा. दुकानदारी करणाऱ्या माणसाला हा व्यवहार कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे की, आठवी ते दहावीच्या मुलामुलींना कोडिंग आणि गेम डिझाइन शिकवण्याची सोय आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या मोहल्ल्यांत व्हायला हवी. ती एक हुन्नर म्हणून व्हावी, उस्तादाने शागिर्दाला शिकवावी तशी. आणि ती सोय उभी करण्यात व्यापारी व कारागीर बंधूंनी पुढाकार घ्यावा.

कोडिंग म्हणजे काय, ते कापसाच्या बाजारात बघा

हा शब्द ऐकून अनेकांना वाटते की ही फार मोठ्या विद्वानांची गोष्ट असावी. तसे नाही. हिंगणघाट, सेलू, सिंदी इथल्या कापूस बाजारात ज्यांनी एक हंगाम काढला आहे, त्यांना त्याचे मूळ आधीच ठाऊक आहे. सी.सी.आय.च्या खरेदी केंद्रावर कापूस आला की ओलावा मोजतात. ओलावा आठ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण हमीभाव. आठच्या वर आणि बारापर्यंत असेल तर त्या प्रमाणात भाव कमी. बाराच्या वर असेल तर माल परत. ग्रेडर हे डोक्यात ठेवून काम करतो. हाच नियम ओळीने, एकही पायरी न गाळता, संगणकाला लिहून देणे म्हणजे कोडिंग.

लिहायला बसले की मात्र गंमत कळते. ओलावा बरोबर आठ असेल तर कोणत्या बाजूला? बरोबर बारा असेल तर? कोणी चुकून ओलाव्याच्या जागी वजन लिहिले तर? माणूस अशा वेळी अंदाजाने भागवून नेतो. संगणक अंदाज करत नाही. सांगाल तेवढेच करतो. त्यामुळे मुलाला आधी स्वतःच्या डोक्यात गोष्ट स्वच्छ करावी लागते. आता याच नियमावर एक खेळ करा. गाड्या एकामागून एक येत आहेत, प्रत्येकीवर ओलाव्याचा आकडा आहे, खेळणाऱ्याने तीन सेकंदांत ठरवायचे की पूर्ण भाव, कमी भाव की परत. चुकले तर गल्ल्यातून पैसे कमी. दहा गाड्या झाल्या की वेग वाढतो. नववीतला मुलगा थोड्या सरावाने हा खेळ बनवू शकतो. त्यात त्याचे टक्केवारीचे गणित पक्के होते, बाजारही समजतो, आणि एक वस्तू पूर्ण करून दाखवल्याचा आनंद मिळतो तो वेगळाच.

यासाठी लागणारी साधने फुकट आहेत, हे आपल्या लोकांना फारसे माहीत नाही. अमेरिकेतल्या एम.आय.टी. या संस्थेने २००७ मध्ये मुलांसाठी स्क्रॅच नावाची पद्धत काढली. तिच्यात रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवून सूचना तयार करतात. ती एकदा संगणकावर भरून घेतली की इंटरनेट नसतानाही चालते. त्यापुढची पायरी म्हणजे पायथन ही भाषा. ती १९९१ पासून सर्वांना मोफत आहे आणि आज मोठमोठ्या कंपन्यांतही चालते. खेळ बनवण्यासाठी गोडो नावाचे साधन २०१४ पासून खुले आहे. त्यावर बनवलेला खेळ विकला तरी त्याच्या कर्त्यांना एक पैसा द्यावा लागत नाही.

हा हुन्नर कारागिराच्या घरातूनच निघाला आहे

संगणकाला सूचना देण्याची कल्पना विणकराच्या मागावर जन्मली, हे आमच्या कारागीर बंधूंनी अभिमानाने लक्षात ठेवावे. फ्रान्समधील लियों शहराचा जोसेफ मारी जेकार्ड याने १८०४ मध्ये असा माग तयार केला की, ज्यात पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवरील भोके नक्षी ठरवत. भोक असेल तर ताण्याचा धागा उचलला जाई, नसेल तर खाली राही. पट्ट्या बदलल्या की नक्षी बदले. आपल्या येवल्याच्या पैठणीच्या मागांवरही जेकार्ड बसलेले आहे. पुढे इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजने आकडेमोडीच्या आपल्या यंत्रासाठी हीच पट्ट्यांची युक्ती घेतली. भोक आहे किंवा नाही, धागा वर किंवा खाली. आजच्या संगणकातला शून्य आणि एकचा हिशेब त्याच जातीचा.

‘अल्गोरिदम’ हा शब्द आज प्रत्येकाच्या तोंडी आहे. एखादे काम करण्याच्या ठरलेल्या पायऱ्या, असा त्याचा अर्थ. नवव्या शतकात बगदादमध्ये होऊन गेलेल्या मुहम्मद इब्न मूसा अल्-ख्वारिज्मी यांच्या नावाचे लॅटिनमध्ये जे रूप झाले, त्यावरून तो आला. त्यांनी बीजगणितावर ग्रंथ लिहिला तो वारसाहक्काची वाटणी, व्यापारातला हिशेब आणि जमिनीची मोजणी अशा रोजच्या गरजांसाठी. म्हणजे ज्या विद्येला आपण आज परकी समजून लांबून सलाम करतो, तिचा पाया व्यापाऱ्याच्या वहीत आणि विणकराच्या मागात आहे. केवळ जुन्या मोठेपणावर पोट भरत नाही, हे खरे. पण ही विद्या आपल्या मुलांच्या आवाक्याबाहेरची आहे, हा न्यूनगंड तरी त्यामुळे जायला हरकत नाही.

गॅरेजमध्ये काम करणाऱ्या मुलाकडे बघा. गाडी सुरू होत नाही. तो आधी पेट्रोल बघतो, मग प्लग काढून ठिणगी बघतो, मग कार्बोरेटर. एका वेळी एकच गोष्ट बदलतो आणि किक मारून पाहतो. सगळे एकदम उघडले तर दोष कुठे होता ते कधीच कळत नाही, हे उस्तादाने त्याला पहिल्या महिन्यात शिकवलेले असते. कोडिंगमध्ये बराच वेळ याच कामात जातो. लिहिलेले चालत नाही, मग एकेक पायरी तपासत दोष शोधायचा. पुस्तकी हुशार मुले इथे अनेकदा कंटाळतात. ज्याच्या हाताला मिस्त्रीकामाची सवय आहे तो टिकतो. मोटार रिवाइंडिंग करणाऱ्याचा, घड्याळ दुरुस्त करणाऱ्याचा मुलगा या विद्येत मागे पडेल असे मानायला आम्ही तयार नाही.

खेळ बनवणे म्हणजे खेळत बसणे नव्हे

कोडिंग ठीक, पण गेम कशाला, असे विचारले जाईल. त्याचे कारण साधे आहे. चौदा वर्षांच्या मुलाला पगारपत्रकाचा प्रोग्राम लिहायला सांगा, तो आठ दिवसांत पळेल. त्याला स्वतःचा खेळ बनवायला सांगा, तो जेवायला उठणार नाही. शिवाय खेळ रचण्यात असे काही शिकायला मिळते जे दुकानदारीत जन्मभर कामी येते.

खेळाला नियम लागतात, उद्देश लागतो, आणि फार सोपेही नाही फार अवघडही नाही असा तोल लागतो. आपल्या देशात पचिशी आणि बुद्धिबळ शेकडो वर्षे टिकले ते या तोलामुळे. गंजिफा हा पत्त्यांचा खेळ मोगलांच्या काळी इथे रुजला. त्याचे गोल, हाताने रंगवलेले पत्ते बनवणारे चितारी कारागीर सावंतवाडीत तयार झाले आणि ती कला आजही तिथे जिवंत आहे. म्हणजे खेळ बनवून पोट भरणे हे महाराष्ट्राला नवीन नाही. माध्यम बदलले आहे, इतकेच.

दुसरी गोष्ट म्हणजे गिऱ्हाइकाची पारख. मुलाने खेळ बनवला की तो धाकट्या भावाच्या हातात द्यावा आणि स्वतः गप्प बसून बघावे. भाऊ कुठे अडला, कुठे कंटाळला, कुठे हसला, हे वहीत टिपावे. ‘असे कर, तसे कर’ सांगायचे नाही. शेरवानी अंगावर चढवून ट्रायल घेताना शिंपी गिऱ्हाइकाच्या खांद्याकडे जसा बघतो, तसे हे बघणे आहे. आपल्याला आवडलेली वस्तू आणि गिऱ्हाइकाला जमणारी वस्तू यांत फरक असतो, हा व्यापाराचा पहिला धडा मुलगा पंधराव्या वर्षी, एक रुपयाचेही नुकसान न होता शिकतो.

तिसरी गोष्ट, हे एकट्याचे काम नाही. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीने ‘राजी’ नावाचा खेळ २०२० मध्ये बाजारात आणला. आधी २०१७ मध्ये लोकांकडून इंटरनेटवर पैसे गोळा करण्याचा त्यांचा प्रयत्न फसला होता. तरी ते थांबले नाहीत. हवेल्या-महालांची भारतीय नक्षी, पहाडी चित्रशैली, कथा, संगीत असे सगळे त्यात एकत्र आले, आणि त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’ या जगप्रसिद्ध पारितोषिकासाठी नव्या कंपन्यांच्या पहिल्या खेळांत त्याला नामांकन मिळाले. अशा कामात चित्र काढणारा लागतो, गोष्ट रचणारा लागतो, आवाज देणारा लागतो. मेंदीची नक्षी काढणाऱ्या मुलीला आणि साइनबोर्ड रंगवणाऱ्याच्या मुलालाही त्यात जागा आहे.

वर्ध्याने हा धडा १९३७ मध्येच दिला होता

हाताने काम करता करता शिकावे, हा विचार देशापुढे ठेवला तो वर्ध्यानेच. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते डॉ. झाकिर हुसेन, तेव्हाचे जामिया मिल्लियाचे प्रमुख आणि पुढे १९६७ ते १९६९ या काळात भारताचे राष्ट्रपती. समितीत विनोबा भावे, काका कालेलकर, जे. सी. कुमारप्पा, ख्वाजा गुलाम सय्यदैन अशी मंडळी होती. डिसेंबर १९३७ मध्ये तिने अहवाल दिला. साडेपाच तासांच्या शाळेत तीन तास वीस मिनिटे हस्तव्यवसायाला द्यावीत आणि गणित, भाषा, विज्ञान त्याच्याशी जोडून शिकवावे, अशी ती योजना होती. सूत कातताना धाग्याची लांबी मोजायची, त्यातून गणित. कापूस कुठून आला ते बघायचे, त्यातून भूगोल. हीच नई तालीम. सेवाग्राममध्ये २००५ पासून आनंद निकेतन ही शाळा याच वाटेने नव्याने चालू आहे.

मात्र झाकिर हुसेन साहेबांची एक गोष्ट फार थोड्यांना आठवते. शाळेचा खर्च मुलांच्या कामातून निघावा, या कल्पनेवर अती भर देण्याला त्यांनी त्या परिषदेतच, गांधीजींसमोर, हरकत घेतली होती. तसे झाले तर शिक्षक मुकादम होईल आणि गरिबाच्या पोरांची मेहनत लुटली जाईल, असा त्यांचा इशारा होता. नव्वद वर्षे होत आली तरी तो इशारा जुना झालेला नाही. आम्ही कोडिंगला हुन्नर म्हणतो ते शिकण्याच्या पद्धतीसाठी. पंधरा वर्षांच्या मुलाने रात्री जागून परदेशातल्या गिऱ्हाइकाचे काम करावे आणि घरात पैसे आणावेत, यासाठी नव्हे. तो प्रकार सुरू झाला तर वेल्डिंगच्या ठिणग्यांतून काढून मुलाला पडद्याच्या उजेडात बसवले, एवढाच फरक होईल.

नई तालीमचे पुढे काय झाले, हेही ध्यानात घ्यावे. सरकारी शाळांत ती यथातथा राबवली गेली आणि खेड्यातल्या गरिबांचे दुय्यम शिक्षण असा तिच्यावर शिक्का बसला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंग आणावे असे म्हटले आहे. त्याच धोरणात मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडे शिकावे, असेही आहे. कागदावर दोन्ही चांगले आहे. पण शहरातल्या पैसेवाल्यांच्या मुलांना कोडिंग आणि कारागिराच्या मुलाला फक्त सुतारकाम, अशी वाटणी होऊ द्यायची काय, हा खरा प्रश्न आहे. मुसलमान कामगारांत स्वतःचा छोटा धंदा करणाऱ्यांचे प्रमाण मोठे आहे, हे सच्चर समितीने २००६ मध्येच दाखवून दिले. नोकरदार बापाला मुलाच्या शिक्षणाची वाट नोकरीच्या अनुभवातून दिसते. आपल्याला ती स्वतः पाडावी लागेल.

शंका रास्त आहेत, त्यांची उत्तरेही आहेत

पहिली शंका जुगाराची. गेम म्हटले की रमी आणि सट्टा आठवतो, आणि त्यात बुडालेली घरे आपण सर्वांनी पाहिली आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. त्याच कायद्यात शैक्षणिक व मनोरंजनाच्या खेळांना आणि ई-स्पोर्ट्सला उत्तेजन देण्याची तरतूद आहे. म्हणजे रेघ कायद्यानेच ओढली आहे. खेळ कसा बनतो हे ज्याला कळले, त्याला समोरचा खेळ आपल्याला कसा अडकवतो तेही कळते. पाच मिनिटांनी बक्षीस का येते, हरल्यावर ‘अजून एकदा’ची खूण का चमकते, यामागची कारागिरी तो ओळखतो. व्हिएतनामच्या एका तरुणाने एकट्याने ‘फ्लॅपी बर्ड’ नावाचा साधा खेळ बनवला. २०१४ मध्ये तो जगभर पहिल्या क्रमांकावर गेला. पण लोक त्याच्या आहारी जात आहेत हे पाहून त्याने तो स्वतःच्या हाताने बाजारातून काढून घेतला. कमाईची दारे उघडी असताना माल परत घेणारा असा कारागीर मुलांना जरूर सांगावा.

दुसरी शंका फसवणुकीची. २०२० च्या टाळेबंदीत सहा-सात वर्षांच्या मुलांना कोडिंग शिकवून कोट्यधीश करण्याच्या जाहिरातींचा पूर आला होता. व्हाइटहॅट ज्युनियर या कंपनीच्या जाहिरातीत ज्या मुलाला कोट्यवधींची नोकरी मिळाल्याचे दाखवले, तो मुलगा काल्पनिक निघाला. जाहिरात मानक परिषदेच्या सांगण्यावरून तिला काही जाहिराती मागे घ्याव्या लागल्या. ती कंपनी विकत घेणारी बायजूज २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या कारवाईत सापडली. जो क्लासवाला मुलाच्या पगाराचा आकडा सांगतो आणि हप्त्याचा कागद पुढे करतो, त्याच्यापासून लांब राहावे. साधने फुकट आहेत, हे वर सांगितलेच.

तिसरी शंका नव्या काळाची. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आले. आता यंत्रच कोड लिहून देते, मग शिकायचे कशाला? असे बघा, कॅल्क्युलेटर आला म्हणून दुकानात पोराला पाढे न येता बसवता येते काय? एक शून्य जास्त दाबला गेला तर आकडा चुकला हे ओळखायला डोक्यात अंदाज असावा लागतो. यंत्राने लिहिलेले बरोबर आहे की नाही, आपल्या कामाचे आहे की नाही, हे ठरवणारा माणूस लागणारच. नुसती बटणे शिकलेल्या माणसाला मात्र धोका आहे. नव्वदच्या दशकात गावोगावच्या क्लासमधून डॉस आणि वर्डस्टारची प्रमाणपत्रे घेतलेल्यांची विंडोज येताच तारांबळ उडाली. ज्यांनी विचार करण्याची रीत शिकली होती, ते पुढे निघून गेले. एम.एस.-सी.आय.टी. आपल्या हजारो मुलांनी केली, त्याचा उपयोगही झाला. पण तिथे संगणक वापरायला शिकवतात. वस्तू घडवायला शिकणे ही पुढची पायरी आहे.

चौथी शंका नोकरीची. सर्वांना गेम कंपनीत नोकरी मिळणार नाही, हे आम्ही स्पष्ट सांगतो. हा धंदा मुख्यतः पुणे, मुंबई, बंगळूर, हैदराबादेत आहे आणि त्यात चढउतारही आहेत. राज्य सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये ॲनिमेशन व गेमिंगसाठी वेगळे धोरण मंजूर केले आहे, त्याचे फळ काय ते दिसेलच. पण नोकरी नाही मिळाली तरी शिकलेले वाया जात नाही. जो मुलगा ओलाव्याचा नियम लिहू शकतो, तो वडिलांच्या दुकानातली उधारी, मालाचा साठा आणि जी.एस.टी.चा हिशेबही नीट बसवू शकतो.

मोहल्ल्यात काय करता येईल

नुसता उपदेश करून थांबणे व्यापाराच्या पानाला शोभणार नाही, म्हणून हिशेब मांडतो. समजा, हिंगणघाट किंवा पुलगावच्या वीस दुकानदारांनी महिन्याला पाचशे रुपये काढले. वर्षाचे १,२०,००० रुपये झाले. जुने, दुरुस्त केलेले सहा संगणक बारा हजारांप्रमाणे घेतले तर ७२,००० रुपये. उरलेल्या ४८,००० रुपयांतून शिकवणाऱ्याला दरमहा ४,००० रुपये मानधन देता येते. एका संगणकावर दोन मुले बसली तर एका तुकडीत बारा. दोन तुकड्या केल्या तर चोवीस मुले. म्हणजे एका मुलामागे वर्षाला ५,००० रुपये पडले. एका वलीम्याच्या जेवणावळीत याच्या किती पट खर्च होतो, हे प्रत्येकाने मनाशी मोजावे. दुसऱ्या वर्षी संगणक विकत घ्यायचे नाहीत, तेव्हा मानधन वाढवता येईल.

जागा म्हणून शाळेची एक खोली रविवारी मागून घ्यावी. आपल्या शाळेत सरकारच्या २०१६ पासूनच्या योजनेतली अटल टिंकरिंग लॅब आहे काय, आणि ती कुलपात तर नाही ना, हे मुख्याध्यापकांना आदराने विचारावे. शिकवायला फार दूर जायला नको. सेवाग्रामला बापूराव देशमुख अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, वर्ध्यात विज्ञान महाविद्यालये आहेत. तिथे शिकणारी आपल्या गावची मुले-मुली रविवारी दोन तास देऊ शकतात.

मुलींसाठी वेगळी वेळ आणि शक्यतो शिकवणारीही मुलगीच असावी, म्हणजे पालकांना घोर राहणार नाही. नागपूरला रोज ये-जा करायला परवानगी मिळत नाही म्हणून दहावी-बारावीनंतर घरी बसलेल्या हुशार मुली प्रत्येक गल्लीत आहेत. घरच्या टेबलावर बसून करता येण्यासारखे हे काम आहे. त्यांना वगळून ही योजना केली तर अर्धे भांडवल तिजोरीत कुजवल्यासारखे होईल.

वर्षाचे चार भाग करावेत. पहिल्या तीन महिन्यांत स्क्रॅचवर छोटी छोटी कामे. दुसऱ्या तीन महिन्यांत आधी कागदावर आणि मग संगणकावर स्वतःचा एक पूर्ण खेळ. विषय आपल्या गावातला घ्यावा, कापसाची गाडी, तराजूची वजने, काहीही. नंतर पायथन. शेवटी मोहल्ल्यातल्या एखाद्या दुकानाची खरी अडचण सोडवणारा छोटा प्रोग्राम. त्याचे कोणी खुशीने पैसे दिले तर ते त्या मुलाचे. वर्गाचा खर्च त्यातून काढायचा नाही. आठवड्याला चार तासांपेक्षा जास्त नाही, आणि परीक्षेच्या महिन्यात वर्ग बंद. झाकिर हुसेन साहेबांचा इशारा पाळायचा तो असा.

वर्षाअखेरी प्रमाणपत्रे वाटू नयेत. शाळेच्या पटांगणात टेबले मांडावीत, मुलांनी बनवलेले खेळ ठेवावेत आणि वर्गणी देणाऱ्या दुकानदारांनी स्वतः ते खेळून बघावेत. मग मुलाला विचारावे, इथे असे का केलेस? ज्याला सांगता आले, तो शिकला. शागिर्दाचा पहिला माल उस्ताद असाच हातात घेऊन बघतो.

तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यांत आपली गणना होऊ नये. येत्या जूनमध्ये शाळा सुरू होतील तेव्हा एका तरी गावात असा वर्ग सुरू व्हावा, एवढीच आमची अपेक्षा आहे. वीस दुकानदार आणि सहा जुने संगणक, इतके तर वर्धा जिल्ह्यातल्या कोणत्याही मोठ्या गावात निघतीलच.